बेचाळीस गाड्यांचा मामा

महिपत भोईरला नाही म्हणता येत नाही. त्याची बायको म्हणते हा स्वभाव आहे, गल्लीतले लोक म्हणतात हा आजार आहे.

मानपाड्याच्या आतल्या रस्त्याला त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. बापाच्या भातशेतीवर पाच मजली बिल्डिंग उभी राहिली, वर भाडेकरू आले, खायची ददात उरली नाही; तरी तळमजल्याचा एक गाळा महिपतने स्वतःकडे ठेवला. पाना हातात नसला की त्याला करमत नाही. दिवसभर लोक येतात.

"महिपतदादा, गाडी उद्या मिळेल ना?"

"हो."

"दादा, रविवारी आमच्याकडे पूजा आहे."

"हो, येतो की."

एका रविवारी तो तीन पूजांना आणि दोन वाढदिवसांना हो म्हणून बसलेला आणि शेवटी एकाही घरी पोचला नाही, कारण वाटेत शीळफाट्याला एका अनोळखी माणसाची चेन तुटलेली दिसली. त्याच्या मनात कधी खोट नसते. हो म्हणताना तो अगदी मनापासून म्हणतो, पाचही घरांना. फक्त पाच घरांच्या वेळांची बेरीज तो कधी करत नाही. हळूहळू असं झालं की महिपतचा 'हो' कुणी धरेना. लोक ऐकतात, हसतात, आणि गुपचूप दुसरी सोय करून ठेवतात.

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला हे लागतं. महिपतलाही लागायचं. विशेषतः गेल्या वर्षीपासून.

झालं असं की ठाण्याची रुचिता नावाची एक मुलगी दर जानेवारीत मोटरसायकलींची रॅली काढते. ती सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळतो. रॅलीत हौशी रायडर कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या गेटवर थांबत खेळणी गोळा करतात आणि बांधकाम मजुरांच्या मुलांना नेऊन देतात. गेल्या वर्षी रॅलीचा पायलट, म्हणजे सगळ्यात पुढची गाडी, महिपत होता. तो वाटेत सात ठिकाणी 'दोन मिनिटं' थांबला. रॅली चार तास उशिरा पोचली तेव्हा साइटवरच्या बालवाडीला कुलूप होतं आणि वॉचमन जेवून झोपला होता. खेळणी त्याच्या केबिनमध्ये ठेवून सगळे परतले. एकाही पोराचं तोंड कुणाला दिसलं नाही. परतताना रुचिता महिपतला एक अक्षर बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं असं त्याला वर्षभर वाटत राहिलं.

तरी यंदाही तिने त्यालाच पायलट केलं. कल्याण-शीळ रस्ता आज कुठे खोदलाय, कुठल्या गल्लीतून निघालं की सिग्नल चुकतो, हे त्याला गॅरेजमध्ये बसल्या जागी कळतं. मात्र या खेपेला ती यादी घेऊनच आली.

"दादा, नीट ऐका. त्रेसष्ट मुलं आहेत. साइटचं काम संपलंय. रविवारी दुपारी दीड वाजता ठेकेदाराच्या बसेस या सगळ्यांना पनवेलपलीकडे नेणार. म्हणजे एकच्या आत आपण पोचलो तर पोचलो. नंतर पोरं सापडणार नाहीत. एकच्या आत. जमेल?"

"हो," महिपत म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "अगं, खरंच हो."

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. भावना त्याच्याहून दहा वर्षांनी धाकटी. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगा झालेला, नाव नील. त्याचं जावळ काढायचं होतं. पोराचे पहिले केस काढताना त्याला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा नसेल तर वस्तरा लागत नाही.

"दादूस, रविवारी दहा चाळीसचा मुहूर्त आहे. येशील ना?"

"हो!" महिपत आनंदाने ओरडला. फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्याचं लक्ष गेलं. रॅलीचाही तोच रविवार.

पण या वेळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा बेरीज केली. बहिणीचं सासर रॅलीच्या वाटेवरच, कल्याण-शीळ रस्त्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर आत. कोपऱ्यावर चहाची मोठी टपरी. रॅलीला तिथे चहाला थांबवायचं, आपण आत जायचं, भाच्याला मांडीवर घ्यायचं, चार केस कापून झाले की परत. वीस मिनिटं. कुणाला सांगायचीही गरज नाही. कागदावर हे इतकं छान बसलं की त्याने तो कागद गॅरेजच्या फळीवर चिकटवून ठेवला.

उरलेल्या तीन रात्री त्याने भाच्यासाठी पांगुळगाडा बनवला. सागाचा, तीन चाकांचा, दांड्यावर मोटरसायकलचा हॉर्न. आणि चाकांत त्याने खास गाडीची बेरिंग बसवली, कारण चाक बोटाने फिरवल्यावर लगेच थांबलं तर त्याला अपमान झाल्यासारखं वाटतं.

रविवारी सकाळी सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. बेचाळीस गाड्या, पुढे महिपतची जुनी टू-स्ट्रोक. तिच्या निळ्या धुरामुळे मागची पहिली दहा माणसं रुमाल बांधून चालवत होती. सोसायट्यांच्या गेटवर आजीआजोबा पुड्या घेऊन उभे होते. प्रत्येक पुडीला एक चिठ्ठी: मुलाचं नाव, वय आणि त्याने मागितलेली वस्तू. साडेदहाला त्रेसष्टच्या त्रेसष्ट पुड्या गाड्यांवर बांधून झाल्या. महिपत कुठेही थांबला नाही. एका माणसाचा टायर पंक्चर झालेला दिसला तेव्हा त्याने चक्क मान फिरवली आणि पुढचा किलोमीटरभर त्याचे डोळे पाणावलेले होते.

रुचिताचे नियम दोनच होते. पायलट जिकडे वळेल तिकडे सगळ्यांनी वळायचं. आणि पायलटने डावी मूठ वर केली की सगळ्यांनी थांबायचं.

चहाची टपरी दिसली. महिपत मूठ वर करणार, तेवढ्यात मागच्या सीटवर बांधलेल्या पांगुळगाड्याची दोरी सुटली. त्याने डावा हात मागे नेऊन दांडा धरला. आता हात सोडला तर पांगुळगाडा हायवेवर, आणि बेरिंग बघता तो थेट महापेला. हात सोडला नाही तर मूठ वर होणार नाही आणि क्लचही दाबता येणार नाही. समोर वळण आलं. महिपत तिसऱ्या गिअरमध्ये वळला. नियमाप्रमाणे मागच्या एकेचाळीस गाड्याही वळल्या.

तिसऱ्या गिअरमध्येच तो गावात शिरला, तिसऱ्या गिअरमध्येच त्याने कोंबड्या उधळल्या आणि मांडवाच्या कमानीखाली आल्यावर ब्रेक दाबला तशी गाडी आचके देऊन बंद पडली. मागून एकेचाळीस इंजिनांचा गडगडाट. मांडवात चारशे माणसं होती. सगळी उभी राहिली.

"मामा आला!" कुणीतरी ओरडलं. "आयला, काय आलाय मामा!"

बेंजो पार्टीने लगेच ठेका धरला. बायकांनी ताटं आणली, महिपतच्या कपाळाला कुंकू लागलं, खांद्यावर टॉवेल पडला. इकडे मागच्या रायडरांना फुगे दिसले, लहान पोरं दिसली, कमान दिसली. यंदाचे रायडर सगळे नवे, कुणीच पूर्वी त्या बालवाडीवर आलेले नव्हते.

"पोचलो वाटतं," एक जण म्हणाला. "महिपतदादांनी दोन तास आधी पोचवलं यार! मानलं!"

फेटेवाल्या पोरांनी हात पुढे केले, रायडरांनी हसत हसत पुड्या दिल्या. महिपत गर्दीतून "अरे, नको, थांबा, तसं नाही" असं म्हणत होता. पण बेंजोपुढे कुणाचा आवाज चालतो? पाच मिनिटांत त्रेसष्ट पुड्यांचा स्टेजवर डोंगर झाला, आणि महिपत पाटावर बसलेला होता, मांडीवर नील, समोर वस्तरा घेतलेले बाबुराव न्हावी.

"दादूस," भावना त्याच्या कानाशी लागली. "सासूबाईंनी सकाळपासून तीनदा विचारलं, येनार हाय ना तुझा भाऊस? मी म्हटलं येणार. तर म्हणाल्या, मना माहीत हाय त्याचा येनं, मी दुसरा मामा बघून ठेवलाय. तो बघ तिकडे."

पहिल्या रांगेत एक जाडजूड माणूस मांडीवर टॉवेल पसरून बसला होता. राखीव मामा. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"आणि तू बेचाळीस गाड्या घेऊन आलास," भावना म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

स्टेजवर मधु नावाचा गावचा निवेदक माइक घेऊन पुड्या उघडायला लागला होता.

"मंडळी, जोरदार टाळ्या! मानपाड्याचे महिपतशेठ भोईर यांच्याकडून भाच्याला... एक लाल ट्रक! एक क्रिकेटची बॅट! एक... भातुकली. वा! भाचा हॉटेल काढणार मंडळी! एक बाहुली! आणखी एक बाहुली! पाच... सहा... अकरा बाहुल्या!" मधु क्षणभर अडखळला, पण कसलेला माणूस होता. "मामांची दूरदृष्टी बघा! पुढे बहीण येईल, तिचीही सोय आजच!"

मांडव हसून लोळला.

सगळ्यात मागची गाडी रुचिताची असते. ती गर्दीतून वाट काढत, हेल्मेट हातात, स्टेजपाशी पोचली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झालेली.

"महिपतदादा. हे काय आहे?"

"जावळ."

"ते दिसतंय मला. आपली खेळणी स्टेजवर काय करतायत?"

"आहेर."

"कुणाचा?"

"माझा," महिपत म्हणाला आणि मान खाली घातली.

"उठा."

"उठता येत नाय गं. मामा उठला तर अपशकुन. अर्धं डोकं बाकी आहे."

"पाऊण झालंय," बाबुराव वस्तरा न उचलता म्हणाले. "कुनी हलू नका. कान जाईल."

नीलने त्या गडबडीत मामाच्या शर्टाचं बटन तोंडात घातलं होतं आणि तो एकटाच तिथे अत्यंत सुखात होता.

"दादा," रुचिता खाली वाकली. ती ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं. "मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलेलं, या वेळी माणूस पक्का आहे. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

महिपतने एकदा भावनाकडे पाहिलं. चारशे माणसांत तिची मान बारा वर्षांत पहिल्यांदा एवढी ताठ होती. मग त्याने त्या डोंगराकडे पाहिलं. लाल ट्रकला बांधलेली चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होती. त्याने दोन्हीकडे हो म्हटलेलं होतं, आणि दोन्हीकडे मनापासून.

"तू नको. मीच सांगतो," तो म्हणाला आणि त्याने हाक मारली, "कलावतीमावशी! जरा इकडे येता?"

कलावतीमावशी म्हणजे भावनाची सासू. पासष्टची, नऊवारी, नाकात नथ, आणि तिने नुसतं बघितलं तरी आचारी मीठ परत चाखतात.

"मावशी," महिपत म्हणाला, "हा आहेर माझा नाही."

बेंजोवाला नेमका तेव्हाच श्वास घ्यायला थांबला होता. पहिल्या चार रांगांनी ऐकलं. भावनाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. महिपतला वाटलं, जमीन दुभंगली तरी पंचाईत, मांडीवर पोर आहे.

"नाही? मंग कोनाचा?"

त्याने सांगितलं. त्रेसष्ट पोरं, बसेस, एकची वेळ, चहाची टपरी, दोरी, तिसरा गिअर. एकही गोष्ट लपवली नाही. कलावतीमावशीने मधेच हात वर करून सगळा मांडव गप्प केला, त्यामुळे तिसऱ्या गिअरची हकिगत चारशे माणसांनी ऐकली.

मावशीने डोंगरातून एक पुडी उचलली आणि रुचितापुढे धरली. "पोरी, काय लिवलाय?"

रुचिताने वाचलं, "समृद्धी, वय सहा. बाहुली चालेल. पण तिला चप्पल पाहिजे."

"हाय का चप्पल?"

"काय?"

"अगं, बाहुलीला चप्पल हाय का?"

रुचिताने कागद सोडला. बाहुलीच्या पायात गुलाबी, नखाएवढ्या चपला होत्या.

"हाय," मावशी म्हणाली. तिने त्या चपलांवरून अंगठा फिरवला. "आमी मिठागरावर खेकड्याच्या पायाला दोरी बांधून खेळाचो. माझा खेकडा सगळ्यांत मोठा होता. आयनं त्याचा कालवन केला. दोन दिस जेवले नाय मी. तिसऱ्या दिशी कालवन संपला होता."

कुणी हसावं की नाही हे कुणालाच कळेना. मग मावशी स्वतःच खो खो हसली आणि अख्खा मांडव हसला. हसू ओसरल्यावर तिने महिपतवर नजर रोखली.

"आनि मामानं काय आनला?"

एका रायडरने पांगुळगाडा आणून ठेवला. मावशीने तो उलटा केला, सांधे दाबून पाहिले, एका चाकाला बोटाने टिचकी मारली. चाक फिरायला लागलं. मावशी बघत राहिली, चाक फिरत राहिलं. बाबुरावांनी उरलेलं डोकं संपवलं, गंध लावलं, वस्तरा पुसून पेटीत ठेवला. चाक फिरतच होतं.

"यात काय टाकलास?"

"बेरिंग."

"पोरगा पुन्याला जाईल यानं."

"हळू करतो मावशी..."

"काय नको." तिने मधुच्या हातातून माइक ओढला. "ऐका सगळे! मामाचा आहेर हा पांगुळगाडा. हातानं बनवलाय. अशी वस्तू या मांडवात आजवर कोनी आनली असेल तर हात वर करा." एकही हात वर आला नाही; कुणाची छाती होती? "आनि त्याचेबरोबर बेचाळीस गाड्या आल्या, ती मामाची मानसं. माझे सुनेच्या म्हायेरची मानसं. ती जेवल्याबिगर नाय जावाची."

"आजी," रुचिता जवळजवळ रडकुंडीला आली, "पावणेबारा झाले!"

"मना घड्याल कळते गं! जेवन हितं खा कोन म्हनतो? टोप टेंपोत चढवा!"

त्यानंतर जे झालं त्याला नियोजन म्हणता येणार नाही, पण रुचिताने मागाहून कबूल केलं की तिच्या कंपनीत इतक्या वेगाने कधीच काही हललेलं नाही. फेटेवाल्यांनी उघडलेल्या पुड्या पुन्हा बांधल्या, मधुने एकेक चिठ्ठी माइकवर वाचून जुळवून दिली. एक टेंपो वड्यांच्या पाट्या आणि भाताच्या टोपांनी भरला. दुसऱ्यात बेंजो पार्टी. राखीव मामा टॉवेल झटकून उठला आणि म्हणाला, "मी टेंपो चालवतो की! मला कायतरी द्या करायला!" त्याचं तोंड एकदम उजळलं. भावना टक्कल केलेल्या नीलला आणि त्याच्या पांगुळगाड्याला घेऊन जीपमध्ये बसली आणि तिच्या शेजारी, नथ सावरत, कलावतीमावशी.

"मामा पुढे!" मावशीने हुकूम सोडला. "आनि वाटेत थांबलास तर बघ."

महिपत थांबला नाही. बारा दहाला निघालेली ती वरात मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा मोटरसायकली बेचाळीसच होत्या, पण मागे गावातल्या स्कूटर, दोन टेंपो, तीन जीप आणि एक ट्रॅक्टर होता. तो का आला हे आजही कुणाला माहीत नाही. शीळफाट्याला कोंडी होती. महिपतने एका गोदामाच्या मागची पायवाटेइतकी गल्ली पकडली, नियमाप्रमाणे सगळे मागे वळले, आणि ट्रॅक्टरही मावला. चालत्या टेंपोत बेंजो वाजत होता. रस्त्यावरचे लोक विचारत होते, नवरा कुठला? रायडर बोट दाखवून ओरडत होते, "जीपमध्ये! टकलू!"

साइटच्या गेटवर बसेस उभ्या होत्या. इंजिनं चालू. एक बस निम्मी भरलीही होती. बालवाडीच्या करिश्माबाई वॉचमनच्या केबिनपाशी पोरांच्या पिशव्या मोजत होत्या. त्यांनी धूर पाहिला, मग आवाज ऐकला, मग त्या पिशवी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही एकच्या आत येणार म्हणालेलात," त्या रुचिताला म्हणाल्या. "तुम्ही आज येणार हे मी मुलांना सांगितलंच नव्हतं. म्हटलं, गेल्या वर्षीसारखं..."

"किती वाजले?" महिपतने गाडी बंद करायच्याही आधी विचारलं.

"बारा अठ्ठेचाळीस."

"परत सांगा."

"बारा अठ्ठेचाळीस!"

महिपतने रुचिताकडे पाहिलं. तिने खिशातून पेन काढलं आणि त्याच्या गाडीच्या टाकीवर, रंगावरच, मोठ्या अक्षरांत लिहिलं: १२.४८. एरवी टाकीवर ओरखडा आला तरी दोन दिवस न जेवणारा माणूस मान वाकडी करकरून ते वाचत राहिला.

बसमधली पोरं खिडक्यांतून उतरली. दारातून उतरायला त्यांना धीर नव्हता. मधु नावं पुकारत होता आणि या वेळी त्याला पदरचं काहीच रचून सांगावं लागत नव्हतं. ठेकेदाराच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि पहिला वडा उचलला. समृद्धी नावाची दोन वेण्यांची मुलगी बाहुली घेऊन बाजूला गेली, तिने आधी चपला काढून पाहिल्या, परत घातल्या, परत काढल्या, आणि मग कलावतीमावशीपुढे येऊन म्हणाली, "उजवी-डावी पण आहे."

"असनारच," मावशी म्हणाली. "मी बघून आनलीय." आणि रुचिताने हे खोटं मुकाट्याने ऐकून घेतलं.

"दादूस," भावना मागून म्हणाली, "परतताना घरी येशील ना? सासूबाई म्हणतायत, रात्रीपर्यंत..."

"हो," महिपत म्हणाला.

"दादा," रुचिता त्याच क्षणी म्हणाली, "परतताना ठाण्याला सोडाल ना सगळ्यांना?"

"हो," महिपत म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

पण पुढे कुणी काही बोलण्याआधी मागून हॉर्न वाजला. राखीव मामाने, कुणीतरी काहीतरी करायला द्यावं याची वाट न बघता, नीलला पांगुळगाड्याशी उभं केलं होतं. खाली नव्या बिल्डिंगची गुळगुळीत कोबा केलेली जमीन, आणि गेटाकडे जरासा उतार. नीलने दांडा घट्ट धरला, एक पाऊल टाकलं, आणि सागाचा पांगुळगाडा त्याला घेऊन निघाला. पोरगं हसत होतं, पाय जमिनीला लागत होते न लागत होते, टक्कल उन्हात चमकत होतं. त्याच्यामागे त्रेसष्ट पोरं ट्रक, बॅटी, बाहुल्या घेऊन किंचाळत पळाली, त्यांच्यामागे मावशी नऊवारी वर खोचून, आणि सगळ्यांच्या मागे, डावी मूठ वर करून, "थांबा! थांबा रे!" म्हणून ओरडत रॅलीचा पायलट.

नियम होता की मूठ वर झाली की सगळ्यांनी थांबायचं. एकही जण थांबला नाही.